साष्टीचा इंग्रज पुराणकार : फादर थॉमस स्टीफन्स

मराठी ग्रंथसंग्रहाच्या कपाटात ज्ञानेश्वरी आणि एकनाथी भागवत यांच्याजवळ ‘क्रिस्तपुराण’ हा ग्रंथ दिसला, तर नवा वाचक क्षणभर थबकतो. ओवीबद्ध मराठी पुराण, विषय येशू ख्रिस्ताचे चरित्र, आणि कर्ता मात्र इंग्लंडात जन्मलेला एक जेझुइट पाद्री! हा योग कसा जुळून आला, हे समजून घेण्यासाठी आधी सोळाव्या शतकातील इंग्लंडात डोकावावे लागते.

थॉमस स्टीफन्स यांचा जन्म 1549 च्या सुमारास इंग्लंडातील विल्टशर परगण्यात बुश्टन या गावी झाला. त्यांचे वडील लंडनचे व्यापारी होते. ज्या वर्षी स्टीफन्स जन्मले, त्याच वर्षी बालराजा सहावा एडवर्ड याच्या सरकारने लॅटिन उपासना बंद करून इंग्रजी प्रार्थनाग्रंथ साऱ्या देशावर लादला. डेव्हन आणि कॉर्नवॉल या पश्चिमेकडील परगण्यांत त्याविरुद्ध मोठे बंड उसळले. कॉर्नवॉलच्या अनेक खेडुतांना तर इंग्रजीही परकीच होती. सरकारी फौजेने हजारो माणसे कापून ते बंड मोडले.

पुढे चारच वर्षांनी, 1553 च्या जुलैमध्ये, एडवर्डच्या मृत्यूनंतर त्याची थोरली बहीण मेरी ट्यूडर गादीवर आली. ती निष्ठावंत कॅथलिक होती. लेडी जेन ग्रे हिला राणी करण्याचा दरबाऱ्यांचा डाव अवघ्या नऊ दिवसांत फसला, आणि मेरीच्या नावाची द्वाही फिरताच लंडनमध्ये घंटानाद झाला, चौकाचौकांत होळ्या पेटल्या. खेड्यापाड्यांतील लोकांनी दडवून ठेवलेल्या मूर्ती, वस्त्रे, पूजापात्रे बाहेर काढली, आणि कायदा बदलण्याची वाट न पाहता कित्येक ठिकाणी जुन्या पद्धतीची उपासना सुरूही झाली. पण सगळ्यांचेच मन असे नव्हते. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये लंडनला सेंट पॉल्सच्या प्रांगणात प्रवचन करणाऱ्या कॅथलिक धर्मोपदेशकावर कोणी तरी खंजीर फेकला. पुढच्या वसंतात तर एका मेलेल्या मांजराला पाद्रीचा वेष चढवून भर बाजारात टांगण्यात आले. राणीने स्पेनच्या फिलिपशी विवाह ठरविताच सर टॉमस वायट याने बंड पुकारले. ज्या जमीनदारांनी मठांच्या जमिनी विकत घेतल्या होत्या, त्यांनी पोपची सत्ता मान्य केली खरी. पण जमिनी परत न करण्याची हमी आधी पदरात पाडून घेतली. 1555 पासून प्रॉटेस्टंटांना जिवंत जाळण्याचे सत्र सुरू झाले. सुमारे पावणेतीनशे माणसे या ज्वाळांत गेली. त्यांत कॅन्टरबरीचा आर्चबिशप क्रॅन्मर होता, तसेच विणकर आणि मजूरही होते. ज्यांनी मेरीच्या आगमनाचा उत्सव केला, त्यांच्यापैकीही अनेकांची मने या धुराने काळवंडली.

1558 च्या नोव्हेंबरमध्ये मेरी वारली आणि तिच्या धाकट्या बहिणीने, एलिझाबेथने, पुन्हा सारे उलटे केले. अशा रीतीने वयाची दहा वर्षे पुरी होईपर्यंत स्टीफन्स यांच्या देशाचा राजधर्म दोनदा फिरला होता. आता छळाची पाळी कॅथलिकांवर आली. चर्चला न जाणाऱ्यांना दंड बसू लागला, पुढे तुरुंग आणि फासही आले. तरुण स्टीफन्स यांनी कॅथलिक मताचा स्वीकार कायम ठेवला. टॉमस पाउंड या धनिक मित्राबरोबर, त्याच्या सेवकाच्या वेषात, ते काही काळ देशात हिंडले. पाउंड पकडला गेला. स्टीफन्स मात्र निसटून रोमला पोहोचले आणि 1575 मध्ये जेझुइट संघात दाखल झाले. 1579 च्या एप्रिलमध्ये लिस्बनहून निघून ते ऑक्टोबरमध्ये गोव्यास उतरले. भारतात येऊन स्थायिक झालेला पहिला ज्ञात इंग्रज म्हणून इतिहास त्यांची नोंद घेतो.

आणि येथेच त्यांच्या जीवनातील मोठा विरोधाभास सुरू होतो. मायदेशी जो पंथ छळला जात होता, तोच गोव्यात राज्यकर्त्यांचा पंथ होता. स्टीफन्स यांची कर्मभूमी ठरली ती दक्षिण गोव्यातील साष्टी. त्यांच्या आगमनापूर्वी बाराच वर्षे, 1567 मध्ये, साष्टीतील देवळे पोर्तुगीजांनी पाडली होती. तेथील लोकांनी केले ते इंग्लंडातल्या खेडुतांसारखेच होते, देव वाचविला. कुठ्ठाळीचा मंगेश 1560 मध्ये नदीपार प्रियोळास गेला, केळशीची शांतादुर्गा 1566 मध्ये कवळ्यास गेली. त्याच 1560 मध्ये गोव्यात धर्मन्यायालयही स्थापन झाले होते.

1583 च्या जुलैमध्ये कुंकळ्ळी गावी या असंतोषाचा स्फोट झाला. चर्चसाठी जागा पाहण्यास आलेल्या पाच जेझुइटांना व त्यांच्याबरोबरच्या स्थानिक ख्रिस्ती लोकांना गावकऱ्यांनी ठार मारले. त्यांत अकबराच्या दरबारी राहून आलेले रुडॉल्फ अक्वाविवा हेही होते. पोर्तुगीजांनी सूड घेतला तो असा की, गावच्या मुखत्यारांना बोलणी करण्याच्या मिषाने असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून त्यांचे प्राण घेतले. हे सारे स्टीफन्स यांच्या कार्यक्षेत्रातच घडले. त्यांनी सत्तेविरुद्ध आवाज उठविला, असे म्हणता येत नाही. ते त्या सत्तेच्या छायेतच राहिले. चरित्रकाराने ही गोष्ट झाकून ठेवू नये.

तथापि त्यांनी जो मार्ग धरला तो तलवारीचा नव्हता. ते लोकांची भाषा शिकले. कोकणी तर ते बोलू लागलेच, शिवाय तेथील ग्रंथांची भाषा असलेली मराठीही त्यांनी आत्मसात केली. याच साष्टीतील केळशीच्या कृष्णदास शामा यांनी 1526 मध्ये मराठीतून कृष्णचरित्र रचण्यास आरंभ केला होता, हे ध्यानात घेतले म्हणजे या मातीत पुराणकथनाची परंपरा किती रुजली होती हे कळते. 1583 मध्येच आपल्या भावाला लिहिलेल्या पत्रात स्टीफन्स यांनी येथील भाषांचे ग्रीक व लॅटिनशी असलेले रचनासाम्य नोंदविले. ही नोंद करणारे ते युरोपीयांमधील अगदी पहिल्यांपैकी होत.

क्रिस्तपुराणाच्या आरंभी एक प्रसंग आहे. एक ब्राह्मण पाद्रीस सांगतो की, आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी वाचायला, ऐकायला दुसरे काही द्याल की नाही? सक्तीने धर्म बदललेल्या समाजाची सारी व्यथा या एका मागणीत आहे. देऊळ गेले, पोथी गेली, पण कथेची ओढ गेली नाही. स्टीफन्स यांनी त्या मागणीला ग्रंथाने उत्तर दिले. सुमारे अकरा हजार ओव्यांचे हे पुराण 1616 मध्ये रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. त्यात मराठी भाषेची त्यांनी केलेली स्तुती आजही शाळकरी मुलांना परिचित आहे. एकनाथ महाराज नुकतेच, 1599 मध्ये, समाधिस्थ झाले होते. देहूला तुकोबा बालवयात होते. त्याच काळात एक इंग्रज गृहस्थ ओवी लिहीत होता!

1619 मध्ये स्टीफन्स गोव्यातच निवर्तले. चाळीस वर्षांत ते मायदेशी परतले नाहीत. त्यांचे कोकणी धर्मशिक्षणाचे पुस्तक 1622 मध्ये व कोकणीचे व्याकरण 1640 मध्ये प्रसिद्ध झाले. पुराणाच्याही 1649 आणि 1654 मध्ये पुन्हा आवृत्त्या निघाल्या. मात्र 1684 मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने स्थानिक भाषेच्या वापरावरच बंदीहुकूम काढला. ज्या भाषेतून धर्म शिकविला, तीच भाषा आता राजसत्तेला नकोशी झाली. छापील प्रती नाहीशा झाल्या. पण लोकांनी हाताने नकला केल्या, स्थलांतर करताना त्या बरोबर नेल्या, घरी वाचल्या. अशाच हस्तलिखितांवरून 1907 मध्ये मंगळूरला जोसेफ सालढाणा यांनी ग्रंथ पुन्हा छापला, आणि 1956 मध्ये शांताराम बंडेलू यांनी पुण्याहून त्याची देवनागरी आवृत्ती काढली.

1956 हे वर्ष पांढुर्णा-सौंसरच्या वाचकाला वेगळ्या कारणाने आठवते. त्या वर्षी राज्यपुनर्रचनेत नागपूर-विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि तेव्हा छिंदवाडा जिल्ह्यात असलेला आपला हा मराठी मुलूख मध्य प्रदेशात राहिला. येथे कोणी आपल्या भाषेवर बंदी घातली नाही, आणि साष्टीच्या लोकांच्या दुःखाशी आपली तुलना करणे योग्यही होणार नाही. परंतु राजभाषा वेगळी असताना घरची भाषा टिकते ती वाचणाऱ्यांच्या हातून, एवढे आपण अनुभवाने जाणतो. मेरीच्या, एलिझाबेथच्या आणि पोर्तुगीज व्हाइसरॉयच्या आज्ञा ज्या त्या सत्तेबरोबर संपल्या. साष्टीच्या घराघरांतून नकलून ठेवलेली पोथी मात्र राहिली. ज्यांनी ती नकलली त्यांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत. शंभर वर्षे ग्रंथ जपणाऱ्या या वाचनालयाच्या सभासदांनी आणि आश्रयदात्यांनी फादर स्टीफन्स यांच्याबरोबर त्या अनामिक वाचकांचेही स्मरण करावे, हेच उचित होय.