श्री संत गाडगे महाराज : दानधर्माचा वस्तुपाठ

तीर्थक्षेत्री आलेल्या भाविकांपुढे मंदिराच्या वाटेवर अनेक हात पसरलेले असतात. कोणास द्यावे, काय द्यावे, की पुढे निघून जावे, या विचारात अनेकांचे मन घुटमळते. श्री संत गाडगे महाराजांचे चरित्र या प्रसंगी मार्गदर्शक ठरते.

महाराजांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे परीट कुटुंबात झाला. त्यांचे मूळ नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. वडिलांचे छत्र लवकर हरपल्याने ते दापुरे येथे मामांच्या घरी वाढले. गुरे राखण्यात व शेतात राबण्यात त्यांचे बालपण गेले. १९०५ मध्ये त्यांनी गृहत्याग केला. अंगावर चिंध्यांचे वस्त्र, हाती खराटा व मातीचे गाडगे, एवढाच त्यांचा संसार होता.

या वेषामुळे पुष्कळ लोक त्यांना भिकारीच समजत व काही जण हाकलूनही देत. परंतु महाराज फुकटचे अन्न घेत नसत. आधी अंगण झाडावे, लाकडे फोडावीत आणि मगच भाकरी मागावी, असा त्यांचा नेम होता. धडधाकट माणसाने कष्ट करूनच खावे, हा उपदेश त्यांनी प्रथम स्वतः आचरला.

मात्र ज्यांना कष्ट करणे शक्यच नाही, अशा अंध, पंगू, वृद्ध व महारोगी यांना त्यांनी कधी दूर लोटले नाही. अशांची पंगत बसवून ते स्वहस्ते वाढीत. नाणे टाकून मोकळे होण्यापेक्षा भुकेल्यास अन्न, उघड्यास वस्त्र, आजाऱ्यास औषध, बेघरास आसरा, बेकारास काम आणि गरिबाच्या मुलास शिक्षण द्यावे, अशी त्यांची शिकवण होती.

कीर्तनातून लाखोंच्या देणग्या जमल्या, तरी त्यांतील पैही त्यांनी स्वतःसाठी घेतली नाही. १९०८ मध्ये पूर्णा नदीवर घाट झाला. १९१७ मध्ये पंढरपूर येथे चोखामेळा धर्मशाळेचे काम सुरू झाले. नाशिक, देहू, आळंदी येथेही धर्मशाळा उभ्या राहिल्या. १९५४ मध्ये मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळ रुग्णांच्या नातेवाइकांसाठी धर्मशाळा झाली. उघड्यावर निजणाऱ्यास हक्काचे छप्पर मिळाले, हेच या दानाचे फलित होय.

२० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीकडे जाताना वलगावजवळ महाराजांनी देह ठेवला. अमरावती येथे त्यांची समाधी आहे.

भाविकांनी दान करताना हे चरित्र स्मरावे. असहाय व्यक्तीस अन्न, वस्त्र वा औषध प्रेमाने द्यावे. हात पसरणाऱ्या बालकाच्या हाती पैसे ठेवण्याऐवजी त्याच्या जेवणास व शिक्षणास साहाय्य करावे. काही देणे शक्य नसल्यास निदान कठोर शब्द बोलू नये. चिंध्या पांघरलेल्या ज्या माणसाला लोकांनी दारातून हाकलले, त्याच्याच समाधीपुढे आज सारे नतमस्तक होतात, याचे विस्मरण होऊ नये.