चर्चबाहेरचे पहिले पाऊल

सिस्टर रोझेटा थार्पची गिटार ऐकली, की मला १९३८ सालचे न्यूयॉर्क आठवते. अर्थात वाचलेले!

रोझेटाचा जन्म १९१५ चा, अर्कान्सासमधल्या कॉटन प्लांट गावचा. आई मेंडोलिन वाजवत धर्मप्रचार करी. तिच्याबरोबर ही चिमुरडी गिटार घेऊन चर्चमध्ये गाऊ लागली. श्रोते सारे भाविक.

आणि १९३८ मध्ये ती उभी राहिली थेट कॉटन क्लबमध्ये! समोर मद्याचे प्याले, गोरे शौकीन. मंचावर नाचणाऱ्या मुली. तिथे ती चर्चमधलीच गाणी गायली. रसिक खूश झाले; चर्चमधली कित्येक आपली माणसे मात्र दुखावली. घरंदाज मुलीने रंगमंचावर गाणे आपल्याकडेही खपत नसे; म्हणून तिची कोंडी मला परकी वाटत नाही.

त्याच डिसेंबरात ती कार्नेगी हॉलमध्ये गायली. पुढे रॉक संगीताने तिच्या गिटारीकडून बरेच घेतले. १९७३ मध्ये फिलाडेल्फियात ती वारली, तेव्हा थडग्यावर नावाचा दगडही नव्हता. तो बसायला तीसहून अधिक वर्षे लागली. २०१८ मध्ये रॉक संगीताच्या मानकऱ्यांत तिचे नाव कोरले गेले.

देव फक्त चर्चमध्येच ऐकतो, असे तिने मानले नाही. मलाही ते पटते.