चिकाटीचे लेखक : वि. स. खांडेकर

मुलांनो, तुमची गोष्ट कुणाला आवडली नाही, तर तुम्ही लिहिणे सोडून देता का? मग वि. स. खांडेकरांची हकिकत वाचा.

त्यांचा जन्म १८९८ साली सांगलीत झाला. १९२० साली ते शिरोडा गावच्या शाळेत शिक्षक झाले. तेव्हा हे गाव रत्नागिरी जिल्ह्यात होते. आता ते सिंधुदुर्ग जिल्ह्यात आहे. तेथे ते १९३८ पर्यंत राहिले.

त्यांनी आधी 'कुमार' या नावाने कविता आणि 'आदर्श' या नावाने विनोदी लेख लिहिले. पुढे एक नाटकही लिहिले. पण त्यांचे नाव झाले ते कथा-कादंबऱ्यांमुळे! पहिली कादंबरी १९३० साली आली. त्यांचे वाचनही मोठे होते. लेबनॉनचे लेखक खलील जिब्रान यांच्या छोट्या, अर्थपूर्ण कथा त्यांनी मराठीत आणल्या आणि स्वतःही तशा रूपककथा लिहिल्या.

'ययाति' या कादंबरीसाठी त्यांना १९७४ चा ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला. मराठीला मिळालेला तो पहिलाच ज्ञानपीठ! शेवटी त्यांची दृष्टी गेली, तरी ते सांगत आणि दुसऱ्याकडून लिहवून घेत. १९७६ साली त्यांचे निधन झाले.

म्हणून मित्रांनो, कविता जमली नाही तर गोष्ट लिहून पाहा. पण लेखणी खाली ठेवू नका.