'यू' गाळणारा मास्तर

इंग्रजी 'कलर' या शब्दात 'यू' हे अक्षर घालायचे की नाही, हा प्रश्न आपल्यापुरता शाळेच्या वहीतच सुटला होता. मास्तरांनी 'यू' घालायला शिकवले, आपण घातला, विषय संपला. इंटरनेट आले आणि त्या एका अक्षराला बाजारभाव आला. संकेतस्थळाचे नाव, ज्याला डोमेन नेम म्हणतात, ते भाडेपट्ट्याच्या प्लॉटसारखे असते. ठरावीक शुल्क भरत राहायचे, तोवर नाव आपले. एक अक्षर कमी-जास्त झाले की तो वेगळा प्लॉट आणि त्याचा धारकही वेगळा. पुढे भाव येईल या आशेने अशी नावे घेऊन ठेवणारे लोक जगभर आहेत आणि त्यांना हे कोडे हमखास पडते : नाव ब्रिटिश स्पेलिंगने घ्यावे की अमेरिकन? 'कलर', 'सेंटर', 'थिएटर', 'ज्वेलरी'... शब्द एकच, पण पत्ते दोन.

या दोन पत्त्यांचा माग काढत गेले की आपण कनेक्टिकटमधल्या एका शेतकऱ्याच्या मुलापाशी येऊन थांबतो. त्याचे नाव नोहा वेब्स्टर. हे नाव शब्दकोशाच्या पुठ्ठ्यावर आपण सर्वांनी वाचलेले असते. त्यामागचा माणूस मात्र फारसा ठाऊक नसतो.

वेब्स्टरचा जन्म १६ ऑक्टोबर १७५८ रोजी हार्टफर्डजवळ झाला. मुलगा पुस्तकवेडा निघाला म्हणून वडिलांनी शेत गहाण टाकून त्याला येल कॉलेजात धाडले. तो शिकत असतानाच अमेरिकेचे स्वातंत्र्ययुद्ध पेटले. १७७८ साली पदवी घेऊन तो घरी आला, तेव्हा वडिलांनी आठ डॉलरची एक नोट त्याच्या हातावर ठेवली आणि यापुढे तुझे तू बघ, असे सांगितले. युद्धकाळातल्या त्या कागदी चलनाची किंमत दिवसेंदिवस घसरत होती. वीस वर्षांचा मुलगा काही दिवस खोलीत कोंडून घेऊन वाचत बसला. मग उठला आणि गावोगावच्या शाळांत मास्तरकी करू लागला. वकिलीची परीक्षाही तो पास झाला, पण वकिलीत जम बसला नाही.

शाळेत त्याला जे दिसले, ते आपल्यालाही अपरिचित नाही. राज्य बदलले होते, पण क्रमिक पुस्तक साहेबाचेच होते. मुले डिलवर्थ या इंग्रज मास्तराच्या पुस्तकातून इंग्लंडमधल्या गावांची नावे घोकत होती. वेब्स्टरने स्वतःचे पुस्तक लिहिले आणि १७८३ साली हार्टफर्डला त्याच्या पाच हजार प्रती छापून घेतल्या. हेच पुढे 'निळ्या पुठ्ठ्याचे पुस्तक' म्हणून घरोघर पोचले. गंमत अशी की या पहिल्या पुस्तकात त्याने 'यू' गाळला नव्हता. स्पेलिंग सारी जुन्या वळणाचीच होती.

पुस्तक खपू लागले तशी दुसरी चिंता उभी राहिली. कोणीही ते छापले तर काय? तेरा राज्यांचे कायदे तेरा तऱ्हेचे. हा तरुण मास्तर घोड्यावरून आणि टपालगाडीतून राज्याराज्यांच्या राजधान्यांत फिरला आणि ग्रंथहक्काचा कायदा करा म्हणून आमदारांचे उंबरठे झिजवत राहिला. १७९० मध्ये साऱ्या देशासाठी कायदा झाला. त्यात चौदा वर्षांचा हक्क आणि आणखी चौदा वर्षे नूतनीकरण अशी सोय होती. भाडेपट्टाच म्हणायचा!

याच भटकंतीत फिलाडेल्फियाला त्याची बेंजामिन फ्रँकलिनशी ओळख झाली. ऐंशीच्या घरातल्या फ्रँकलिनने कधीकाळी उच्चाराप्रमाणे लिहिता येईल अशी नवी इंग्रजी वर्णमाला रचून ठेवली होती. वेब्स्टरला नवी अक्षरे पटली नाहीत, पण स्पेलिंग सुधारण्याचा नाद मात्र लागला. १७८९ साली त्याने एक पुस्तक काढून त्यात या सुधारणेची कारणे मांडली. मुलांना शिकणे सोपे जाईल, राष्ट्राला स्वतःची भाषा मिळेल, ही कारणे त्यात होतीच. तिसरे कारण मात्र पक्के व्यवहारी होते. आपले स्पेलिंग वेगळे झाले की इंग्लंडची पुस्तके इथे चालणार नाहीत, ती इथेच छापावी लागतील. म्हणजे अक्षर बदलले की बाजारपेठ वेगळी होते, हे डोमेनवाल्यांना आज उमगलेले सूत्र या माणसाने दोनशे वर्षांपूर्वी कागदावर मांडले होते. ते पुस्तक मात्र तोट्यात गेले. त्याच वर्षी त्याचे लग्न झाले, पुढे आठ मुले झाली. पोटापाण्यासाठी काही वर्षे त्याने न्यूयॉर्कमध्ये वर्तमानपत्रही चालवले.

१८०६ मध्ये सदतीस हजार शब्दांचा त्याचा पहिला कोश आला. त्यात 'कलर', 'ऑनर' यांतला 'यू' गेला, 'सेंटर', 'थिएटर' यांच्या शेवटच्या दोन अक्षरांची अदलाबदल झाली, 'म्युझिक', 'पब्लिक' यांच्या शेवटी लोंबणारा 'के' कापला गेला. ही रूपे त्याने शोधून काढली, असे नव्हे. इंग्लंडात पूर्वी दोन्ही तऱ्हा चालत. डॉ. जॉन्सन यांच्या १७५५ च्या कोशाने 'यू'वाली तऱ्हा वजनदार केली. वेब्स्टरने दुसरी उचलली आणि शाळेच्या पुस्तकांच्या जोरावर ती देशभर रुजवली. 'के' तर पुढे इंग्रजांनीही सोडला. पण 'टंग' आणि 'विमेन' हे शब्द त्याने जसे ऐकू येतात तसे लिहून पाहिले, ते कोणी स्वीकारले नाहीत.

मग सुरू झाले मोठ्या कोशाचे काम. शब्दांची मुळे शोधायची म्हणून तो एकेक भाषा शिकत गेला, त्यात संस्कृतही होती. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एका कुळातल्या असाव्यात, हे सर विल्यम जोन्स यांनी कलकत्त्याला १७८६ मध्येच मांडले होते. वेब्स्टर मात्र बायबलमधल्या एका आदिभाषेवर विसंबून राहिला. त्यामुळे त्याच्या व्युत्पत्त्या फसल्या आणि पुढे १८६४ च्या आवृत्तीत एका जर्मन पंडिताकडून त्या बदलून घ्याव्या लागल्या. शब्दांचे अर्थ सांगण्यात मात्र त्याचा हात धरणारा विरळा. हे सारे काम चालले ते निळ्या पुस्तकाच्या तुटपुंज्या मानधनावर. प्रतीमागे फार तर एखादा सेंट. खर्च झेपेना म्हणून १८१२ मध्ये त्याने कुटुंबासह ॲमहर्स्ट या लहान गावी बिऱ्हाड हलवले. शेवटची नोंद त्याने १८२५ च्या जानेवारीत लिहिली तीही इंग्लंडातल्या केंब्रिजमध्ये!

१८२८ साली, वयाच्या सत्तरीत, कोश निघाला. दोन खंड, सत्तर हजार शब्द, किंमत वीस डॉलर, प्रती अडीच हजार. एवढी किंमत सामान्य कुटुंबाला कुठली परवडायला? दुसऱ्या आवृत्तीसाठी ऐंशी उलटलेल्या वेब्स्टरने राहते घर गहाण टाकले. वडिलांनी शेत गहाण टाकून सुरू केलेले शिक्षण असे फिरून गहाणखतापाशीच आले. २८ मे १८४३ रोजी न्यू हेवनला तो वारला. उरलेले छापील कागद आणि हक्क स्प्रिंगफील्डच्या मेरियम बंधूंनी विकत घेतले. त्यांनी १८४७ मध्ये एकखंडी कोश सहा डॉलरला काढला आणि तो धडाक्याने खपला.

पुढची गोष्ट आणखी बोलकी आहे. १८८९ मध्ये त्याच्या जुन्या कोशाच्या हक्काची मुदत संपली आणि जो तो 'वेब्स्टर' नावाचे कोश काढू लागला. मेरियम मंडळी कोर्टात गेली. गिऱ्हाइकाची फसगत होऊ नये, एवढे बंधन कोर्टाने घातले, पण 'वेब्स्टर' हे नाव कोणा एकाचे राहिले नाही. मालकी हक्कासाठी उभा जन्म झगडलेल्या माणसाचे नावच सार्वजनिक झाले.

आज पुण्यात संकेतस्थळ बांधणारा मुलगा शाळेत 'यू' घालून शिकलेला असला, तरी संगणकाला रंग सांगताना त्याला 'यू' गाळावाच लागतो, नाही तर आज्ञा चालत नाही. उलट आमच्या बँकेतला 'चेक' १८८१ च्या कायद्यानुसार अजून 'क्यू-यू-ई'चे शेपूट बाळगून आहे. तेव्हा नावात पैसे घालणाऱ्याने शुद्ध काय, याचा वाद घालण्यापेक्षा आपले गिऱ्हाईक कुठल्या शाळेत शिकले आहे ते पाहावे आणि जमल्यास दोन्ही नावे घेऊन ठेवावीत. लोकांच्या हाताला जे वळण सहज पडले तेच टिकले. बाकीचे वेब्स्टरला स्वतःच्या कोशात घालूनही टिकवता आले नाही.