वसतिगृहातले साने गुरुजी

साने गुरुजी म्हटले की आपल्याला 'श्यामची आई' आठवते. आज मात्र त्यांची ओळख करून द्यावयाची आहे ती एका वसतिगृहाचे प्रमुख म्हणून.

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी कोकणातील पालगड येथे झाला. घरची गरिबी. शिकण्यासाठी ते औंध संस्थानात गेले. तेथे प्लेगची साथ आली म्हणून पुण्यास आले. पुण्यातही हाल काढूनच त्यांनी शिक्षण पुरे केले. १९२४ साली ते खानदेशात अमळनेरच्या हायस्कुलात शिक्षक झाले आणि पुढे तेथील वसतिगृहाची जबाबदारी त्यांच्याकडे आली.

वसतिगृहातील मुलांच्या खोल्या कशा असतात हे सांगावयास नको. मुले बाहेर गेली की गुरुजी स्वतः खोल्या झाडून काढीत, पसरलेली अंथरुणे नीट रचीत, मळके कपडे धुऊन वाळत घालीत. त्याबद्दल कोणाला एक शब्द बोलत नसत. परत आलेली मुले ओशाळत आणि हळूहळू आपली कामे आपणच करू लागत. कोणी आजारी पडले तर गुरुजी त्याच्या उशाशी बसून शुश्रूषा करीत. मुलांसाठी 'छात्रालय' नावाचे हस्तलिखित दैनिकही ते काढीत.

मी स्वतः शिक्षक आहे. वाढलेली नखे, न घासलेले दात, खिशातली तंबाखूची पुडी यांवर वर्गात कितीदा तरी ओरडलो आहे. मुले खाली मान घालून ऐकतात आणि मधल्या सुट्टीत टपरीकडे वळतात. गेल्या पावसाळ्यात एकदा चिखलाने भरलेला वर्ग झाडण्यास मीच झाडू घेतला, तेव्हा दोन मुले न सांगता बादली घेऊन आली. घडले ते एवढेच. पुडी काही सुटली नाही.

१९३० साली नोकरी सोडून गुरुजी स्वातंत्र्यलढ्यात उतरले. पुढे अनेकदा तुरुंगवास घडला. १९४१ साली राष्ट्र सेवा दलाची नव्याने उभारणी झाली तेव्हा एस. एम. जोशी त्याचे प्रमुख होते आणि गुरुजींनी त्या मुलांना जीव लावला. सायंकाळच्या शाखेत कवायत, खेळ, गाणी असत, शिबिरात श्रमदान असे. सर्व जातिधर्मांच्या मुलामुलींना तेथे प्रवेश होता.

१९४७ साली पंढरपूरचे मंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून त्यांनी उपोषण केले, हे आपण पाठ्यपुस्तकात वाचतो. हजरत पैगंबरसाहेबांचे चरित्र त्यांनी मराठीत लिहिले, हे मात्र आपल्याही घरांत थोड्यांना ठाऊक असेल. 'इस्लामी संस्कृती' या नावाचे ते पुस्तक त्यांच्या पश्चात प्रसिद्ध झाले.

११ जून १९५० रोजी गुरुजी गेले. अमळनेरला त्यांनी नोकरी केली ती अवघी सहा वर्षे.