जावजी दादाजी : खिळ्यांचा जाणकार

निर्णयसागर हे नाव ज्या घरात पंचांगाच्या किंवा एखाद्या संस्कृत पोथीच्या निमित्ताने पोचले नाही असे जुने मराठी घर विरळाच. परंतु त्या छापखान्याचे संस्थापक जावजी दादाजी यांनी प्रथम ग्रंथ छापले नाहीत. त्यांनी दुसऱ्यांच्या छापखान्यांसाठी खिळे पाडून विकले. त्यांच्या आयुष्यातील हा भाग मागे पडला आहे, म्हणून त्याविषयी येथे थोडे विस्ताराने लिहितो.

जावजींचा जन्म १८३९ साली मुंबईत अत्यंत गरिबीत झाला. शिक्षण नावापुरतेच. वयाच्या दहाव्या वर्षी अमेरिकन मिशनच्या छापखान्यात टॉमस ग्रॅहम यांच्या हाताखाली ते दरमहा दोन रुपयांवर खिळे घासण्याच्या कामास लागले. हे काम हलके मानले जाई. पण ओतलेल्या खिळ्याची कड कोठे राहिली, उंची कोठे चुकली, हे बोटांना कळू लागते ते याच कामात. पुढे टाइम्स, इंदुप्रकाश वगैरे ठिकाणी नोकरी करीत त्यांनी या विद्येची सर्व अंगे आत्मसात केली.

१८६४ साली त्यांनी खिळे पाडण्याचा स्वतःचा कारखाना काढला. त्या वेळी मुंबईत कापसाच्या पैशावर शेअरांचा जुगार रंगात आला होता व पुढच्याच वर्षी तो कोसळला; अशा काळात शिसे वितळवून पोट भरू पाहणाऱ्या माणसाकडे कोणाचे लक्ष जाणार!

गिऱ्हाईक होते लहान छापखानदारांचे. त्यांची अडचण समजून घेतली पाहिजे. इंग्रजी छपाईला थोडे खिळे पुरतात. देवनागरीला काना, मात्रा, रफार, उकार आणि जोडाक्षरे धरून शेकडो प्रकार लागतात. गाठीचे भांडवल एकदा त्यांत घातले की मालक त्या खिळ्यांशी बांधला गेला. पुढे झिजलेल्या अक्षरांच्या जागी मागविलेले नवे खिळे उंचीला केसभर कमीजास्त निघाले, तर एक अक्षर काळेकुट्ट उठते, दुसरे उठतच नाही, आणि छापखान्याचे नाव जाते. अशा मालकाला गोड बोलणारा विक्रेता नको असतो. आज घेतलेल्या मालाशी उद्याचा माल जुळवून देणारा जाणकार हवा असतो. जावजींचा लौकिक याच कसोटीवर उभा राहिला. राणोजी रावजी आरू यांच्यासारखा कसबी ठसे कोरणारा त्यांना सहकारी लाभला. निर्णयसागरच्या टाइपाच्या सुबकपणाचे श्रेय देताना आरूंचे नाव अनेकदा गळते, हे मला अन्यायाचे वाटते.

१८६९ साली जावजींनी निर्णयसागर छापखाना सुरू केला. खिळे विकणाऱ्याने स्वतः छापू लागणे म्हणजे आपल्याच गिऱ्हाइकांच्या शेजारी दुकान थाटणे, असे कोणी म्हणेल. परंतु त्यामुळे छापलेले प्रत्येक पान त्यांच्या मालाचा नमुना ठरले. पंचांगासारखी बारीक आकड्यांनी भरलेली कोष्टके जो स्वच्छ छापतो, त्याच्या खिळ्यांविषयी निराळी जाहिरात कशाला हवी?

पुढची कीर्ती सर्वश्रुत आहे. १८८६ पासून पंडित दुर्गाप्रसाद व काशिनाथ पांडुरंग परब यांच्या संपादनाखाली काव्यमाला निघू लागली आणि अल्पशिक्षित जावजींच्या छापखान्याचे संस्कृत ग्रंथ परदेशातील पंडितांच्या मेजावर जाऊन पोचले. शुद्ध पाठासाठी शास्त्री नेमावेत, त्यांच्या विद्येत आपण लुडबूड करू नये आणि खिळ्यांच्या बाबतीत मात्र कोणाचे ऐकू नये, अशी त्यांच्या कारभाराची रीत दिसते.

१८९२ साली, वयाची साठीही न गाठता, जावजी वारले. छापखाना व खिळ्यांचा कारखाना ही दोन्ही त्यांचे चिरंजीव तुकाराम जावजी यांनी पुढे चालविली. कोलभाट गल्लीचा पत्ता असलेली ती जुनी पुस्तके अजून कोणाच्या माळ्यावर सापडतात. कागद पिवळा पडून तुटू लागलेला असतो, पण अक्षराची रेघ अजून कोरीव दिसते.