भूकंपाच्या नोंदींतून पृथ्वीचा गाभा शोधणारे रिचर्ड ओल्डहॅम

नवी दिल्ली, दि. १५ जुलै (विशेष लेख) : शनिवार, १२ जून १८९७. सायंकाळचे सव्वापाच वाजण्याच्या सुमारास शिलाँगच्या पठाराखालची जमीन हादरली आणि अवघ्या काही क्षणांत त्या टुमदार गावातील दगडी बांधकामाची एकही इमारत उभी राहिली नाही. सुमारे चार लाख चौरस किलोमीटरच्या टापूतील पक्की घरे मोडकळीस आली, कोलकात्यातही भिंतींना तडे गेले. दीड हजारांवर माणसे दगावली. संध्याकाळची वेळ असल्याने बहुतेक लोक घराबाहेर होते, म्हणूनच हा आकडा तेवढ्यावर थांबला. या भूकंपाची चौकशी करण्याचे काम भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातील ज्या अधिकाऱ्याकडे आले, त्या रिचर्ड डिक्सन ओल्डहॅम यांची आज पुण्यतिथी. आसामच्या त्या विध्वंसापासून सुरू झालेल्या शोधाने त्यांना नऊ वर्षांनी पृथ्वीच्या गाभ्यापर्यंत नेले.

ओल्डहॅम यांचा जन्म ३१ जुलै १८५८ रोजी डब्लिन येथे झाला. घरातच भूविज्ञान होते. वडील टॉमस ओल्डहॅम १८५१ मध्ये कोलकात्यास आले आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे पहिले प्रमुख झाले. कोळशाचा शोध हे त्या खात्याचे मुख्य काम असले, तरी टॉमस यांना भूकंपांचाही ध्यास होता. १८६९ च्या काछार भूकंपाची पाहणी त्यांनी स्वतः केली होती आणि भारतात झालेल्या भूकंपांची सूचीही ते तयार करीत होते. १८७८ मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा ही दोन्ही कामे अपुरी होती. पुढच्याच वर्षी, वयाच्या एकविसाव्या वर्षी, रिचर्ड त्याच खात्यात रुजू झाले. वडिलांच्या कागदपत्रांची जुळवाजुळव करून काछारचा अहवाल आणि भूकंपांची सूची त्यांनी १८८२ व १८८३ मध्ये प्रसिद्ध केली. पितृऋण फेडण्याची ही रीत फार बोलकी नव्हती, पण तिच्यातून एक तरुण भूवैज्ञानिक भूकंपाचा कागद वाचायला शिकला.

त्यानंतरची चौदा-पंधरा वर्षे सर्वेक्षणातील कोणत्याही अधिकाऱ्याची असावीत तशीच गेली. हिमालयाची रचना, डोंगरदऱ्यांतील खडकांचे थर, नकाशे, अहवाल. भारताच्या भूविज्ञानावरील खात्याच्या प्रमाणग्रंथाची सुधारलेली दुसरी आवृत्ती त्यांनी १८९३ मध्ये सिद्ध केली. एवढ्यावरच कारकीर्द संपली असती, तरी या क्षेत्रातल्या लोकांनी त्यांचे नाव आदराने घेतले असते. परंतु मग १८९७ साल उजाडले.

ओल्डहॅम आणि त्यांचे सहकारी भूकंपग्रस्त भागात फिरले ते केवळ नुकसानीची मोजदाद करण्यासाठी नव्हे. दफनभूमीतील कोणती थडगी कोणत्या दिशेला कलंडली, स्तंभ कुठे मोडले आणि कसे पिळवटले, रेल्वे व तारकचेऱ्यांतील घड्याळांनी कोणती वेळ दाखवली, याची ते बारकाईने नोंद करीत गेले. सिल्हेट भागातील छातक येथे एका उंच स्मारकस्तंभाचा माथा कोसळला होता आणि उरलेल्या भागाचा एक तुकडा आपल्या जागेवरच फिरला होता. पठारावर काही ठिकाणी मोठमोठे धोंडे आपल्या खळग्यांच्या कडांना धक्का न लावता बाहेर येऊन पडलेले दिसले. याचा अर्थ उघड होता : जमिनीने त्यांना वर उडवले होते आणि तो झटका गुरुत्वाकर्षणाहून अधिक जोराचा होता. चेद्रांग नदीच्या काठी तर जमीनच दुभंगली होती. भेगेच्या एका बाजूचा भाग दुसऱ्या बाजूपेक्षा काही ठिकाणी दहा-अकरा मीटर वर उचलला गेल्याने नदीवर नवे धबधबे आणि तळी तयार झाली होती. १८९९ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा अहवाल आजही भूकंपशास्त्राचे विद्यार्थी वाचतात. सरकारी अहवालांच्या नशिबी असे भाग्य क्वचितच येते.

मात्र या अहवालाचा सर्वांत महत्त्वाचा भाग आसामात घडलाच नव्हता. दूरच्या भूकंपाची चाहूल हजारो किलोमीटरवरील यंत्राला लागते, हे १८८९ मध्ये लक्षात आले होते. जपानमधील एका धक्क्याची नोंद जर्मनीत पोट्सडॅम येथे उमटली होती. आसामचा भूकंप झाला तोवर इटलीत अनेक ठिकाणी संवेदनशील भूकंपमापके बसली होती. तिथल्या कागदांवरच्या रेघा ओल्डहॅम यांनी मागवून घेतल्या आणि एकमेकींशेजारी ठेवून पाहिल्या. प्रत्येक नोंदीत त्यांना तीच मांडणी दिसली. आधी बारीक थरथर, काही मिनिटांनी दुसरी थोडी मोठी हालचाल आणि अखेरीस मोठ्या, संथ लाटा.

या तीन प्रकारच्या तरंगांची गणिते अगोदर कागदावर मांडली गेली होती. प्रत्यक्ष भूकंपाच्या नोंदीत त्यांना एकमेकांपासून वेगळे करून ओळखण्याचे श्रेय ओल्डहॅम यांचे. पहिले ते प्राथमिक तरंग. ते ध्वनीप्रमाणे पुढे-मागे दाब देत जातात आणि घन, द्रव दोन्हींतून वाट काढतात. दुसरे ते दुय्यम तरंग. ते झटकलेल्या दोरीसारखे आडवे हलतात, त्यांचा वेग कमी असतो आणि द्रवातून ते जाऊ शकत नाहीत. तिसरे पृष्ठतरंग पृथ्वीच्या वरच्या थरांतूनच प्रवास करतात. पहिले दोन पृथ्वीच्या पोटातून येतात, ही गोष्ट ध्यानात आल्यावर पुढचा विचार अपरिहार्य होता. जे पोटातून येते, ते पोटाची खबरही आणत असणार.

या काळात भारतातही यंत्रे आली. आसामच्या भूकंपाने सरकारला जाग आणली आणि १८९८ च्या अखेरीस कोलकात्यातील अलीपूर येथे देशातील पहिली भूकंप वेधशाळा सुरू झाली. पाठोपाठ मुंबईतील कुलाबा आणि दक्षिणेतील कोडाइकनाल येथेही भूकंपमापके बसली. ओल्डहॅम स्वतः मात्र फार काळ येथे राहिले नाहीत. प्रकृती साथ देईना, म्हणून १९०३ मध्ये, पंचेचाळिशीच्या आतच, ते निवृत्त होऊन इंग्लंडला परतले.

नोकरी सुटली, पण कागद सुटले नाहीत. पृथ्वीच्या अंतरंगाविषयी त्या वेळी तर्कांची कमतरता नव्हती. पृष्ठभागावरचे खडक पाण्याच्या पावणेतीनपट जड, तर पृथ्वीची सरासरी घनता पाण्याच्या साडेपाचपट. तेव्हा आत कुठेतरी लोखंडासारखे जड द्रव्य असले पाहिजे, असे अनुमान जर्मन शास्त्रज्ञ एमिल वीशर्ट यांनी मांडले होते. पृथ्वी आतून वितळलेली आहे असे म्हणणारे होते, ती पोलादाइतकी ताठ आहे असे सांगणारेही होते. पुरावा कोणाकडेच नव्हता. ओल्डहॅम यांनी वेगवेगळ्या अंतरांवरील भूकंपनोंदींतून तरंगांच्या आगमनाच्या वेळा काढल्या. केंद्रापासून १२० अंशांच्या अंतरापर्यंत त्या एका नियमित वक्ररेषेवर बसत होत्या. त्यापलीकडे मात्र दुय्यम तरंग अपेक्षेपेक्षा कितीतरी मिनिटे उशिरा येत असल्याचे त्यांना आढळले. पृथ्वीच्या मध्यभागाजवळून जाणाऱ्या तरंगांच्या वाटेत काहीतरी वेगळे द्रव्य आडवे येत होते. १९०६ मध्ये लंडनच्या भूवैज्ञानिक संस्थेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या निबंधात त्यांनी निष्कर्ष मांडला की पृथ्वीला एक निराळा गाभा आहे आणि त्याची त्रिज्या पृथ्वीच्या त्रिज्येच्या साधारण चार दशांश, म्हणजे सुमारे अडीच हजार किलोमीटर असावी.

या निष्कर्षातील तपशील पुढे बदलले. गाभ्याची त्रिज्या प्रत्यक्षात जवळपास ३,४८० किलोमीटर आहे. उशिरा आलेले तरंग गाभ्यातून मंद गतीने आले असे त्यांनी मानले. वास्तविक त्या लांबच्या ठाण्यांवर पोहोचलेले तरंग वेगळ्याच वाटेने, पृष्ठभागाखालून परावर्तित होऊन आले होते. दुय्यम तरंग गाभ्यातून जातच नाहीत. तरीही मूळ म्हणणे टिकले, कारण ते मोजमापावर उभे होते आणि ज्याला हवे त्याने ते पुन्हा तपासावे इतके उघडे होते. बेनो गुटेनबर्ग यांनी १९१४ मध्ये गाभ्याची सीमा सुमारे २,९०० किलोमीटर खोलीवर निश्चित केली. तो गाभा द्रवरूप आहे, हे हॅरॉल्ड जेफ्रीज यांनी १९२६ मध्ये दाखवले.

हा शोध जीवसृष्टीशी कसा जोडला जातो, हे ओल्डहॅम यांच्या हयातीत स्पष्ट झाले नव्हते. पृथ्वीला चुंबकीय क्षेत्र आहे हे शतकानुशतके ठाऊक होते. मुंबईत कुलाब्याला १८४० च्या दशकापासून त्याच्या नोंदी घेतल्या जात होत्या आणि ट्रॅम विजेवर चालवण्याचे ठरल्यावर तिच्या विद्युत प्रवाहांचा त्रास नको म्हणून हे काम १९०४ मध्ये अलिबागला हलवण्यात आले. पण ते क्षेत्र येते कोठून? इतक्या उष्ण गाभ्यात कायमस्वरूपी चुंबक टिकणे शक्य नाही. ठरावीक तापमानापुढे लोखंड आपले चुंबकत्व गमावते. उत्तर द्रवाच्या हालचालीत होते. बाह्यगाभ्यातील वितळलेले लोखंड व निकेल सतत घुसळत असते. गाभ्याची उष्णता वरच्या प्रावरणात झिरपते. तळाशी लोखंड गोठून अंतर्गाभ्यावर जमा होत राहते आणि त्यातून सुटलेली हलकी मूलद्रव्ये वर सरकतात. पृथ्वीच्या परिवलनामुळे या प्रवाहांना पीळ पडतो. चुंबकीय क्षेत्रातून वाहणाऱ्या या वाहक द्रवात विद्युत प्रवाह उत्पन्न होतो आणि तो प्रवाह ते क्षेत्र पुन्हा उभे करतो. गाभा म्हणजे एक स्वयंचलित डायनॅमो आहे, असे आज मानले जाते. १९१९ मध्ये जोसेफ लार्मर यांनी सूर्याच्या संदर्भात ही कल्पना सुचवली आणि पुढील काही दशकांत तिला गणिताचा आधार मिळाला.

सूर्यापासून अखंड सुटणारा विद्युतभारित कणांचा झोत, म्हणजे सौरवात, या चुंबकीय क्षेत्रामुळे पृथ्वीला वळसा घालून जातो. मंगळाकडे पाहिले की या कवचाची किंमत कळते. मंगळाच्या प्राचीन खडकांत चुंबकत्वाच्या खुणा सापडतात. म्हणजे कधीकाळी त्याचाही डायनॅमो चालू होता. सुमारे चार अब्ज वर्षांपूर्वी तो थंडावला. आज मंगळाचे वातावरण अतिशय विरळ आहे आणि त्याचे अवशेष अवकाशात कसे निसटत आहेत, हे २०१४ पासून ‘मेव्हन’ यानाने मोजले. अर्थात हा हिशेब वाटतो तितका सरळ नाही. शुक्राला स्वतःचे चुंबकीय क्षेत्र नाही, तरी त्याचे वातावरण पृथ्वीच्या कितीतरी पट दाट आहे. ग्रहाचे वस्तुमान, ज्वालामुखींतून बाहेर पडणारे वायू, सूर्यापासूनचे अंतर यांचाही त्यात वाटा असतो. गाभा आहे म्हणून जीवन आहे असे एका वाक्यात सांगणाऱ्यांनी शुक्राची अडचण लक्षात ठेवावी, हे बरे. मंगळाचा गाभा मोजला गेला तो मात्र ओल्डहॅम यांच्याच वाटेने. ‘इनसाइट’ यानाने तेथे ठेवलेल्या एकमेव भूकंपमापकाने मंगळावरचे धक्के टिपले आणि गाभ्यावरून परतलेल्या तरंगांवरून २०२१ मध्ये त्याचा आकार प्रसिद्ध झाला.

इंग्लंडमधील पुढील वर्षांत ओल्डहॅम यांना मानसन्मान मिळाले. १९०८ मध्ये लायेल पदक, १९११ मध्ये रॉयल सोसायटीचे सदस्यत्व, १९२० ते १९२२ या काळात लंडनच्या भूवैज्ञानिक संस्थेचे अध्यक्षपद. हिमालय आणि गंगेच्या मैदानाच्या रचनेवर त्यांनी १९१७ मध्ये पुन्हा लिहिले. उतारवयात त्यांचे मन फ्रान्समधील ऱ्होन नदीच्या त्रिभुज प्रदेशात रमले. तिथली किनारपट्टी शतकानुशतके कशी सरकत गेली, हे ते जुन्या नकाशांवरून शोधीत असत. पृथ्वीच्या केंद्रापर्यंत जाऊन आलेला माणूस अखेरीस एका नदीच्या गाळात गुंतला, याचे आश्चर्य त्यांना जवळून ओळखणाऱ्यांना वाटले नसावे. जुना कागद आणि त्यावरची रेघ, हाच त्यांचा विषय होता.

१५ जुलै १९३६ रोजी वेल्समधील लँड्रिंडॉड वेल्स येथे, अठ्ठ्याहत्तरावे वर्ष पूर्ण होण्यास पंधरवडा उरला असताना, त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी डेन्मार्कच्या इंगे लेमान यांनी न्यूझीलंडमधील १९२९ च्या भूकंपाच्या नोंदी तपासून द्रव गाभ्याच्या आत आणखी एक अंतर्गाभा असल्याचे दाखवून दिले. तो घन आहे, हे नंतर सिद्ध झाले.

आसामच्या भूकंपाचा मूळ भ्रंश मात्र ओल्डहॅम यांना सापडला नव्हता. तो जमिनीवर कोठेच उघडा पडलेला नाही. भूकंपापूर्वीच्या आणि नंतरच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाच्या जुन्या मोजण्या पुन्हा अभ्यासून रॉजर बिलहॅम आणि फिलिप इंग्लंड या दोन संशोधकांनी २००१ मध्ये तो शिलाँग पठाराच्या उत्तर कडेखाली, सुमारे ११० किलोमीटर लांबीचा असल्याचे मांडले. त्याला त्यांनी ओल्डहॅम भ्रंश असे नाव दिले.